विहिरीवरचा तवंग

दगड दिसला की आमचे सर आधी तो फोडून हुंगत. आडनाव वेगळंच होतं, पण अख्ख्या कॉलेजात ते ‘हुंगेसर’. कोळशाच्या खाणीतला काळा दगड नाकाशी धरून म्हणायचे, “हा कच्चाच राह्यला. तेल व्हायले खोल जाऊन शिजा लागते.”

तेल कुठल्या खडकात तयार झालं, किती शिजलं, कुठून वर आलं, हे ते तेलातल्या रेणूंवरून ओळखत. “तेल आपलं गोत्र लपवत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कँटीनमधल्या भज्यांनाही सर गोत्र विचारतील, असं आम्ही म्हणायचो.

झरी जामणीकडच्या एका गावात विहिरीवर तेलाचा तवंग आला, तेव्हा बोलावणं त्यांनाच आलं. मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. नमुना आम्ही दोघांनी तपासला. तेलाच्या रेणूंत पुरातन जीवांचे ठसे अगदी लख्ख! सर हरखले. गावाला म्हणाले, “जमिनीतून तेल येऊन राह्यलं. हे पानी पिऊ नका, विहीर उपसू नका. अजून नमुने घ्या लागते.” गावानं ऐकलं. बाया लांबच्या नाल्यावरून पाणी आणू लागल्या.

उन्हाळा सरताना पुन्हा गेलो. विहिरीच्या काठावर पंपाचं जुनं इंजिन होतं. त्याच्या बुडातून काळं तेल आत ठिबकत होतं. इंजिनातलं तेलही शेवटी जमिनीतल्या तेलापासूनच बनलेलं, ठसे तेच. हे तर सरांनीच आम्हाला शिकवलेलं. विहिरीतल्या तवंगाशी ताडून पाहिलं. जुळलं.

“खालचा खडक पाह्यला, काठावरचं इंजिन नाही पाह्यलं,” सर म्हणाले. “जाऊन सांगा लागते.”

सर आता नाहीत. त्यांचं नाव निघालं की मला ती सभा आठवते आणि आजही मान खाली जाते.

शाळेच्या ओसरीवर गाव जमलं होतं. सरांनी हात जोडून सगळं सांगितलं. एका म्हातारीनं विचारलं, “मंग इंजिन हलवून विहीर उपसली असती, तं पानी पेता आलं असतं?”

“हो, माय.”

“मंग आमी एवढा उन्हाळा नाल्यावर कायले गेलो, सर?”

आवाजात राग नव्हता. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

सर घामानं निथळत होते. म्हातारीनं नाल्याच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. सरांनी तो घेतला, पण ओठाला लावला नाही.

“प्या ना सर,” ती म्हणाली. “आमी अजून आणू.”