साऊंडवाल्यांच्या ग्रुपवर एक वहिनी

मंगळवारी दुपारी बरोबर दोन वाजून दहा मिनिटांनी माझा नंबर साऊंडवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला गेला. कारण आमच्या ह्यांचा फोन लग्नाच्या मंडपात भाजीच्या कढईत पडला! दारव्ह्यात आमचं साऊंड भाड्यानं द्यायचं काम. ऑर्डरी त्या ग्रुपवर येतात. "चार दिवस तुह्या फोनवर राहू दे," हे म्हणाले. ते चार दिवस अजून संपले नाहीत. ऑर्डरी कमी अन् भांडणं जास्त, तीही तीच ती. किस्से इतके साचलेत की सांगत बसले तर भाजी करपेल.

*

पहिलं भांडण पेट्यांचं. ढाणकीचे काका ग्रुपमध्ये सगळ्यांत मोठे. स्पीकरची पेटी सागवानाचीच पाहिजे, हे त्यांचं ठाम मत. बाभुळगावचे राठोडभाऊ प्लायवूडवाले.

काकांनी लिहिलं, "सागवानातून आवाज कसा गोड येते, पाहून घ्या!"

राठोडभाऊ म्हणाले, "म्हणूनच तुमच्या पेटीले मुंग्या लागल्या!"

काका खरंच उठले, पेटी उघडली अन् आतला फोटो टाकला. खाली लिहिलं, "एक बी मुंगी नाही!"

*

दुसरं भांडण वजनाचं. हे दर रविवारी होतं. काकांना जुना जड अ‍ॅम्प्लिफायर प्रिय. "जे उचलाले दोन माणसं लागत नाही ते मशीन नोहे, डबा होय!"

"मंग मंडपात आटाचक्कीच लावा ना काका!" राठोडभाऊ.

*

मी नुसती वाचायची. सगळ्यांना वाटायचं, हेच, म्हणजे गजूभाऊच आहेत. एकदा ऐन भांडणात काकांनी विचारलं, "गजू, तू काहून चूप आहे?"

मी घाबरत लिहिलं, "मी त्यांची मिसेस. ते जेवून राह्यले."

लगेच राठोडभाऊंचा "वहिनी, नमस्कार" आला. त्यामागून सगळ्यांचे जोडलेले हात. शेवटी काका आले, "सूनबाई सोडून बाकी सगळ्याईले सांगतो, तुम्ही गधे आहा!"

*

मग ह्यांनी नव्या पेट्या अंगणात लावून पाहिल्या अन् व्हिडिओ टाकला. मागे खाटेवर आमची पिहू झोपलेली, दहा महिन्यांची.

काका लगेच म्हणाले, "गजू, तुह्या मशीनीत दमच नाही. लेकरू हाललं बी नाही!"

"मशीन नाही काका, वायर बारीक हाय," राठोडभाऊ.

दिवसभर वायर. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत होते. भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. पिहू हलत नव्हती. सासूबाई म्हणायच्या, "गुणाचं लेकरू, कितीबी गोंगाटात झोपते." मला मात्र कधीचा घोर लागला होता. तिच्या पाठीमागे मी ताटली वाजवून पाहिली होती. ती वळली नव्हती. बोलायची हिंमत होत नव्हती, म्हणून लिहिलं:

"मशीन चांगली आहे. वायरही जाड आहे. पिहूच आवाजाला वळत नाही."

त्या ग्रुपवर भांडण अर्ध्यात थांबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

राठोडभाऊंचा फोनच आला. "वहिनी, रडू नका. माह्या बहिणीच्या पोरीचं असंच होतं. उद्या यवतमाळले निघा. लेकरू झोपेत असतानाच मोठ्या दवाखान्यात कान तपासतात. मी स्टँडवर भेटतो."

काकांचा मेसेज ह्यांना होता. "त्या पेट्या आधी घरापासून लांब ने. वायरचं मंग पाहू."

राठोडभाऊ धंदा सोडून आले, आमच्यासाठी लाइनीत उभे राहिले. पिहूला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. कानाला मशीन लावली तर येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लवकर आणलंत, बरं केलंत." हे श्रेय माझं नाही हो, त्या भांडखोरांचं!

*

कानाच्या मशीनचा फोटो मी ग्रुपवर टाकला. काकांना राहवलं नाही. "इतकी हलकी? यातून काय डोंबलाचा आवाज येईन!"

राठोडभाऊ म्हणाले, "मंग लेकराच्या कानाले तुमचा अ‍ॅम्प्लिफायर बांधू काय?"

किती दिवसांनी मी हसले, ते मलाच आठवेना.

*

मशीन लावायच्या सकाळी पिहूला आधी काय ऐकवायचं, यावर वाद पेटला. काका म्हणाले सनई. राठोडभाऊंनी त्यांच्या तांड्यावरच्या बायकांचं गाणं फोनमध्ये भरून पाठवलं. पिहूच्या कानाला मशीन लावली अन् हे एकेक गाणं वाजवून पाहतच होते, तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली.

पिहू रांगता रांगता थांबली. मान वळवून दाराकडे पाहिलं. ओठ काढला अन् भोकाड पसरलं! तिच्यामागून मी. मग हे.

ओल्या हातानं मी लिहिलं, "पिहू कुकरच्या शिटीला वळली. तुम्हा सगळ्यांचे उपकार. कोणाचं लेकरू आवाजाला वळत नसेल तर वाट पाहू नका म्हणावं, कान तपासून घ्या."

काका टाइप करत होते. बराच वेळ करत होते. मग आलं, "कुकर कोणता हाय?"

"स्टीलचा असन," राठोडभाऊ. "अ‍ॅल्युमिनियमच्या शिटीचा आवाज फाटते."

"तुले काय समजते? जड कुकरच..."

मी लिहिलं, "काका, भाऊ, आधी निरोप पुढे पाठवा. मग भांडा!"