मागच्या बाकावरून लिहिलेला रिपोर्ट

अद्वैत, मीरा, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू कधी कुणावर जळलीस का?" मी विषय बदलला. काल जयश्रीचा फोन आला. ती आमच्या कॉलेजात इंग्रजीची विभागप्रमुख झाली. त्या खुर्चीवर मी अकरा वर्षं बसले होते. तेव्हा आता उत्तर देते.

मी एचओडी असताना एकदा रिपोर्टचा फॉर्म घेऊन तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते. जयश्री तेव्हा तासिका तत्त्वावर होती. म्हणजे नेमणूक एका वर्षाची, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. एचओडीनं तास बघून रिपोर्ट द्यायचा, त्यावर तिचं पुढचं वर्ष ठरायचं.

गोष्ट माझीच होती, म्हणजे मी वीस वर्षं शिकवलेली. मुलगा अपघातात गेल्यावर बाप त्याची कॉलेजची बॅग रिकामी करतो, एवढीच. मी फळ्यावर आयरनी, सिम्बॉल असं लिहायचे. मुलं उतरवून घ्यायची.

जयश्रीनं फळ्यावर काहीच लिहिलं नाही. ती जळकोटची, घरी कानडी, बी.ए.ला इंग्रजीसोबत संस्कृत. तिनं विचारलं, "यात कुणी रडतंय का?"

"न्हाय, मॅडम."

"मग तुमचा घसा का दाटला?"

मग तिनंच पुढं सांगितलं, "शोक प्रत्येकाच्या आत असतोच. त्याला जागं करणारं कारण म्हणजे विभाव. तो बाहेर दिसतो ती खूण म्हणजे अनुभाव. हे जुळलं की वाचणाऱ्याला करुण रस मिळतो. इथं लेखकानं डोळ्यांत पाणी आणलंच नाही. मग अनुभाव कुठं ठेवलाय? शोधा."

पानं उलटली. सोनारीची एक मुलगी उठली. माझ्या तासाला तिनं वर्षभर तोंड उघडलं नव्हतं.

"मॅडम, बॅगेची चेन. दोनदा अडकती. बाप म्हणतो, चेन खराब झाली. चेन चांगलीच हाय. त्याचा हातच लई थरथरतोय."

वीस वर्षं ती चेन माझ्या डोळ्यांसमोरून जात होती.

मला त्या मुलीचं कौतुक वाटायला हवं होतं. मला जयश्रीचा राग आला. रस मलाही माहीत होता. मी तो परीक्षेपुरता शिकले आणि इंग्रजी टीकेच्या पुस्तकांमागं ठेवून दिला. तिनं तो काढून वापरला, तोही माझ्या गोष्टीवर.

रिपोर्टात लिहिलं, 'सिलॅबसबाहेरचं शिकवतात. पुढील नेमणुकीचा पुनर्विचार व्हावा.' पहिलं वाक्य खरं होतं. त्याच्या आडोशानं दुसरं सहज लिहून झालं.

नियम असा की ज्याचा रिपोर्ट, त्यानं तो वाचून सही करायची. स्टाफरूममध्ये जयश्रीनं वाचला, सही केली, पेनाला टोपण लावलं.

"सिलॅबसबाहेरचं होतं, मॅडम. खरंय. फक्त एक लिहायचं राहिलं."

"काय?"

"चेनचं चाललं होतं तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसला. दोनदा."

"धूळ होती."

"व्हय, मॅडम. आणि चेन खराब होती."

मी फॉर्म परत ओढला. खाडाखोड चालत नव्हती, म्हणून खाली जोडलं, 'वीस वर्षं शिकवलेली गोष्ट मला आज कळली. यांना ठेवावं.'

प्राचार्यांनी फॉर्म दोनदा वाचला. "मॅडम, वर एक, खाली एक! मी नेमकं काय समजू?"

"खालचं, सर."

जयश्री राहिली. पुढच्या वर्षी मुलांनी ती गोष्ट असलेला पेपर तिच्याकडंच मागितला. मी दिला. नंतर निवृत्त होईपर्यंत तिच्या वर्गावरून जाताना माझी चाल मंदावायची, आणि आत हशा झाला की पुन्हा वाढायची.

शास्त्रात असूया हा संचारी भाव सांगितलाय, म्हणजे येऊन जाणारा. हे सांगणारे कधी स्टाफरूममध्ये बसले नसावेत.

गोष्टीची माझी झेरॉक्स अजून कपाटात आहे. चेनच्या ओळीखाली त्या दिवशी मारलेली पेन्सिलची रेघ आहे. असूयाही आहे.