लाह न बोलावलेलं घर

मी पाडा सोडला त्या दिवशी माझी चाकांची बॅग पाड्यातल्या गेनाभाऊच्या डोक्यावर होती, चाकं वर करून. शहाद्याच्या दुकानदाराने "मॅडम, एका बोटाने ओढा" म्हणून ती मला विकली होती. आमच्या पाड्यावरून गाडीरस्त्याला यायचं तर दोन डोंगर उतरावे लागतात, तिथे बोटाचं काय चालणार? मागे अर्धा पाडा चालत होता. आई सगळ्यांत शेवटी, कारण तिला रडताना कुणी बघितलेलं खपत नाही. बा सगळ्यांत पुढे, कतारला जणू तोच निघाला होता. जीप आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "कामाला हाक आली तर 'बघते' म्हणू नकोस. उठायचं." तो हे पावरीत म्हणाला, मी मराठीत लिहितेय. पुढच्याच वर्षी तो गेला. मला मातीलाही पोचता आलं नाही.

तिकडे राहिलेल्यांनो, तुम्हाला हे सगळं माहीत आहे. माझ्यासारखं इकडे आलेल्यांसाठी थोडं सांगते. महाराष्ट्राच्या पार उत्तरेला, सातपुड्यात, नर्मदेकडे उतरणाऱ्या डोंगरांवर आम्ही पावरा लोक राहतो. एकेका टेकाडावर एकेक घर आणि भोवती त्याचं शेत. शेजारी म्हणजे हाकेच्या अंतरावरचा माणूस, आणि ती हाकसुद्धा चांगल्या घशाची लागते. म्हणून आमच्याकडे लाह असते. कुणाला घर उभं करायचं असलं, शेत निंदायचं असलं, की त्या घरचं माणूस आदल्या दिवशी दारोदार जाऊन हाक देतं. दुसऱ्या दिवशी घरटी एक जण कामाला हजर. मजुरी नाही. ज्याचं काम त्याने जेवण घालायचं, मक्याची भाकर, उडदाची डाळ, जमलं तर कोंबडा. आजारी माणसाला झोळीत घालून, ती झोळी बांबूला बांधून रस्त्यापर्यंत न्यायचं असतं तेव्हा खांदा द्यायलाही हीच माणसं येतात. हाक देताना एकही दार वगळायचं नाही. वगळलं तर कुणी भांडत नाही. भांडलं असतं तर बरं, असं वाटण्यासारखं ते असतं.

माझं बालपण योजनांमध्ये गेलं. अंगणवाडीच्या काट्याला लोंबकळत माझं वजन झालं. धरणाच्या पाण्यावरून बोटीतला दवाखाना यायचा, त्यातल्या डॉक्टरांनी मला जंताच्या गोळ्या दिल्या. सिकलसेलच्या तपासणीला बोट टोचून घेताना मी डॉक्टरांना चावले होते, असं आई अजून सांगते. या सगळ्याचा उपयोग झाला, नाही कशाला म्हणू? त्यामुळेच मी जगले, शिकले, नर्स झाले. पण बघायला येणारी माणसंही यायची. त्यांतल्या एका बाईंनी आमच्या घराचा फोटो काढला. कुडाची भिंत पावसाने खचलेली आणि दारात मी, नाकाला शेंबूड. काही वर्षांनी नर्सिंगच्या मैत्रिणींबरोबर एका आरोग्य केंद्रात गेले, तर भिंतीवर मीच. खाली कुपोषणाबद्दल काहीतरी लिहिलेलं. अहो, मी कुपोषित नव्हते, मला सर्दी झाली होती! पण मैत्रिणी त्या पोस्टरपाशी थांबल्या तेव्हा मी पाणी प्यायला म्हणून पुढे गेले.

दोह्यात आले तेव्हा वर्ल्ड कपची तयारी जोरात होती. जिकडे बघावं तिकडे क्रेन. उम्म सलाल मोहम्मदच्या बाजूला कामगारांच्या मोठ्या कॅम्पमध्ये आमचं क्लिनिक होतं, आणि राहायला अल नस्रमध्ये एक खोली. रूममेट नसीमा, रत्नागिरीची, लॅब टेक्निशियन, जिभेला हाड नाही आणि मनात काही नाही. मराठी माणसं भेटली की पहिला प्रश्न, "तुम्ही कुठल्या?" मी म्हणायची, "शहाद्याची." शहाद्याला बाजार आहे, बसस्टँड आहे, केळी आहेत. तिथे कुणी शेंबड्या पोरींचे फोटो काढत नाही.

हातात पैसा आल्यावर पहिलं काय केलं असेल, तर घर. कुडाची भिंत मला डोळ्यांसमोरून घालवायची होती. धडगावचा एक ठेकेदार फोनवरच ठरवला. विटा गाढवांवरून चढल्या, मजूर बाहेरून आले. भाऊ वर्षातले आठ महिने गुजरातमध्ये मजुरीला, त्यामुळे घरी आई एकटीच. तिने फोनवर विचारलं, "लाह कधी बोलवायची?"

"लाह कशाला? लोकांना उगाच त्रास. माणसं येतायत ना कामाला."

"पाड्याला काय सांगू?"

"सांग, मुलीने त्रास नको म्हटलंय."

आईने अगदी तस्संच सांगितलं. घर झालं. आत गुळगुळीत पांढरी फरशी, तिच्यात खिडकी दिसायची. तिचा फोटो मी स्टेटसला ठेवला आणि दोह्यातल्या मराठी मंडळातल्या बायकांनी त्याला लाइकचे अंगठे दिले.

त्यानंतर पाड्याने आमच्या दाराशी लाहेची हाक देणं थांबवलं. हे आईने मला सांगितलं नाही. मी दर शुक्रवारी विचारायची, "सगळं बरं ना?" आणि ती म्हणायची, "बरं."

त्याच उन्हाळ्यात क्लिनिकमध्ये एक अडचण झाली होती. दुपारी उघड्यावर काम बंद असायचं, पाण्याचे कॅन होते, अंगातलं पाणी कमी झालं का ते ओळखायला स्वच्छतागृहात लघवीच्या रंगांचे तक्ते लावले होते. तरी माणसं चक्कर लपवायची. पडेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आपलं नाव 'कच्चा गडी' म्हणून जाईल, घरी पाठवतील, ही भीती. आमचे वेल्फेअरचे साने सर पुण्याचे, माणूस भला, सारखा नव्या कल्पना शोधणारा. मीटिंगमध्ये माझ्या तोंडून सहज लाहेची गोष्ट निघाली. एकटा कुणी राबत नाही, जो तो हाक देतो आणि हाकेला येतो.

सर खुर्चीत पुढे सरकले. "अहो सिस्टर, हे तर सोनं आहे! आपल्याकडच्या ट्रायबल्सची इतकी सुंदर सपोर्ट सिस्टिम! पुढच्या आठवड्यात मॅनेजमेंटला तुम्हीच प्रेझेंट करा. तुम्ही काम केलंय का त्यांच्यात?"

"हो," मी म्हणाले. "त्यांच्यात असतं असं."

माझ्या बापाला मी एका शब्दात 'त्यांच्यात' ढकललं, आणि वर स्लाइड केल्या. स्लाइडवर डोंगर होता, बांबूची झोळी होती, खाली इंग्रजीत ठळक अक्षरांत 'हाक द्या'. टाळ्या पडल्या. मग कॅम्पमध्ये दोघा-दोघांच्या जोड्या लावल्या आणि मी हिंदीत ट्रेनिंग घेतलं. "चक्कर आई तो किसको आवाज़ दोगे?" असं मी विचारलं. मागून बिहारचा एक गवंडी हसून म्हणाला, "सिस्टर, यहाँ हम किसके काम आए हैं, जो आवाज़ दें?" मला वाटलं, अडाणी आहे, विषय कळलेला नाही. मी पुढची स्लाइड लावली.

आई पडली ती त्याच दिवसांत. नेमका ट्रेनिंगचाच दिवस होता का, हे मी कधी पडताळून पाहिलं नाही. धीर झाला नाही. भांडी घासून पाण्याचा हंडा आत नेताना तिचा पाय त्या पांढऱ्या फरशीवर घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. शेणामातीच्या जमिनीवर ती साठ वर्षं चालली, कधी घसरली नव्हती. सरपटत ती दारापर्यंत आली. समोरच्या टेकाडावर दित्याकाकाचं घर, तिथे माणसं हिंडताना दिसत होती. आईचा घसा चांगला आहे. तिने हाक दिली नाही. ती संध्याकाळ, ती रात्र आणि दुसरा सबंध दिवस ती दारात पडून राहिली. उन्हं कलताना पाड्याची आशा कार्यकर्ती रायकीवहिनी दुसऱ्या कामाने त्या वाटेने आली, तेव्हा तिला दिसली.

रायकीवहिनीने ओरडून माणसं गोळा केली. सगळी आली. दित्याकाका सत्तरीचा, तोही आळीपाळीने बांबूला खांदा देत होता. दोन्ही डोंगर त्यांनी आईला झोळीतून उतरवलं.

मला फोन वहिनीचाच आला, हॉस्पिटलमधून. ऑपरेशन झालं होतं, रॉड घातला होता. मी आईवर चिडले. "हाक का मारली नाहीस गं? सगळे समोर होते ना?"

आई म्हणाली, "घराला हाक दिली नाही. झोळीला कोणत्या तोंडाने देऊ?"

फोन ठेवल्यावर मी पलंगावर बसून राहिले. नसीमा ड्यूटीवरून आली. "काय गो, अशी काय बसलीस? कोण गेलं काय?" मी सगळं सांगितलं. कुठली मी, लाह काय, घर कसं बांधलं, 'त्यांच्यात' म्हणाले तेही. वाटलं, ही समजूत घालेल. तिने बुरखा खुंटीला अडकवला आणि म्हणाली, "म्हणजे तू तुझ्या आईचे हातच कापून ठेवलेस गो." मग माझ्यासमोर चहा ठेवला आणि शेजारी बसून राहिली. लाज वाटते, असं आपण सहज बोलतो. त्या दिवशी मला ती पहिल्यांदा खरी वाटली. आजही तो स्लाइडवरचा डोंगर आठवला की तशीच वाटते.

लगेच रजा मिळाली नाही. मी त्या स्लाइड पुन्हा लावल्या नाहीत. साने सरांना सांगितलं, "सर, मी त्यांच्यातलीच आहे. आणि मी जे शिकवलं ते अर्धंच होतं." सर गोंधळले, "अरे, सो प्राउड ऑफ यू," वगैरे म्हणाले. अभिमानाचा इथे काही संबंध नव्हता, पण ते त्यांना कसं समजवायचं? मी त्या बिहारी गवंड्याला शोधून काढलं आणि म्हटलं, "भैया, क्लिनिक की सीढ़ी टूट गई है, बना दोगे?" त्याने ती शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी येऊन बनवली. मी डबा नेला होता, तो आम्ही पायरीवर बसून खाल्ला. मग एका नेपाळी सुताराला बाक दुरुस्त करायला बोलावलं. मेसच्या आचाऱ्याला खिचडी पातळ कशी करायची ते विचारलं. आधी मी मागू लागले, तशी हळूहळू माणसं येऊन बसू लागली. "सिस्टर, कल से सिर घूम रहा है." सगळी नाही आली. पण येऊ लागली. हे मी स्वतःच्या हुशारीने केलं असं कुणी समजू नये. ते आईच्या मोडलेल्या पायावर उभं आहे.

पुढच्या रजेत घरी गेले. आई काठी टेकत चालत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारोदार निघाले, पहिलं दार दित्याकाकाचं. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवलं होतं, ते सगळं विसरले. "काका, चुकलं," एवढंच म्हणाले.

काका विडी वळत होता. "आम्ही रागावलो नव्हतो," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुम्हाला आमचं काम संपलं."

तो शिव्या देता तर बरं झालं असतं.

"उद्या लाह आहे आमच्याकडे," मी म्हटलं.

"आता कशाची? घर तर झालं."

"फरशी फोडायची आहे. आईच्या खोलीत माती घालायची आहे."

काकाची विडी हातातच राहिली. मग तो असा हसला की त्याला ठसका लागला. आतून त्याची बायको काय झालं म्हणून धावत आली, तिलाही त्याने ते सांगितलं आणि दोघं मिळून हसले. नवं घर फोडायला लाह बोलावणारी पाड्यातली मी पहिलीच. दिवसभरात प्रत्येक दाराशी तेच हसू मी ऐकलं आणि प्रत्येक दाराशी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सगळी घरं आली नाहीत. गेनाभाऊचं आलं नाही, अजून एक-दोन आली नाहीत. आली त्यांनी फरशी फोडली, पांढरी माती आणून घातली, पाणी मारून ठोकून बसवली, बायकांनी शेणाने सारवली. माझ्या भाकरी थापतानाच तुटत होत्या. रायकीवहिनी म्हणाली, "कतारमध्ये भाकरीपण मशीन करतं वाटतं," आणि परात ओढून घेतली. आई खाटेवर बसून सगळ्यांना हुकूम सोडत होती. तिचा आवाज इतका मोठा होता, हे मी विसरले होते.

मी परत आले. हल्ली मंडळात कुणी विचारलं तर पाड्याचं नाव सांगते. त्याने काही भरून येत नाही. आईचा पाय आखूडच राहिला. घर कुठलं, असं इथे नव्या मुली विचारतात तेव्हा मला विटांचं काही आठवत नाही, परवाचा फोन आठवतो.

ड्यूटीवर निघत होते. आईचा फोन. "दित्याकाका दारात उभा आहे. उद्या गेनाभाऊच्या घराची लाह आहे, त्याच्या पायाला लागलंय म्हणून काका हाक देत फिरतोय. म्हणतो, मुलीलाही हाक दे."

"आई, मी दोह्यात आहे."

"माहीत आहे त्याला. दार वगळायचं नसतं."

फोन काकाच्या हातात गेला असावा, कारण त्याचं खोकणं ऐकू आलं. उत्तर मलाच द्यायचं होतं. माझ्या गळ्यात आयडी कार्ड होतं, खाली कंपनीची बस हॉर्न वाजवत होती. येता येणार नाही, हे मला त्याला मोठ्याने सांगावं लागलं आणि सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बरं," काका म्हणाला. "पुढच्या वेळी ये." आणि आईला फोन देऊन तो पुढच्या घराकडे निघाला.