तिसऱ्या नागपूरला उतरायचं

तिकिटं विकणाऱ्याकडे किस्से फार साठतात. तिकीट घेऊन माणूस निघून जातो, किस्सा टेबलावरच विसरतो! इथे हिंदी मुलखात, नेपियर टाउनमधलं आमचं छोटंसं ट्रॅव्हल ऑफिस मी आणि माझा नवरा शरद मिळून चालवायचो. आता मी एकटी चालवते. किस्से मात्र दोघांचे आहेत.

*

जवळच्या पनागरचे एक शेतकरी आले होते. मुलगा टोरांटोला.

"मॅडम, कितना दूर है?"

मी स्क्रीनवर बघून सांगितलं, "दिल्लीहून साधारण साडेअकरा हजार किलोमीटर." त्यांचा चेहराच उतरला. शरद लगेच म्हणाला, "भैया, बस पंद्रह घंटे."

"बस? इतने में तो हमारी ट्रेन बंबई पहुँचती है!" ते खुलले. मग एकदम तापले. "और लड़का बोलता है, बहुत दूर हूँ, आ नहीं सकता!"

*

गोहलपूरच्या एका वर्कशॉपवाल्यांनी सॅन फ्रान्सिस्कोचं तिकीट उलटंपालटं करून पाहिलं. दिल्लीहून पहाटे निघायचं, त्याच दिवशी सकाळी पोचायचं. परतीला मात्र सकाळी निघून दुसऱ्या दिवशीची दुपार!

"मॅडम, जाते वक्त ढलान है क्या?"

उतार नाही, घड्याळांचा फरक आहे, हे मी समजावणार, तेवढ्यात शरद म्हणाला, "हाँ भैया, जाते वक्त गाड़ी न्यूट्रल में!"

*

आमच्या शेजारच्या लीलाकाकूंची मृणालही सॅन फ्रान्सिस्कोलाच. तिचं पहिलं बाळंतपण, आणि काकू विमानाला घाबरणाऱ्या.

"काहून जाऊ मी? एवढे तास बसून राहायचं, खाली जमीन नाही!"

काकूंचं माहेर नागपूर, इथून गाडीने पाच तास. सिवनीला एक चहा, पुढे जंगल लागलं की एक डुलकी, की आलंच माहेर. शरदने तेच माप धरलं. "काकू, दिल्लीहून फक्त तीन नागपूर. तीन चहा, तीन डुलक्या. तिसऱ्या नागपूरला उतरायचं!"

काकूंनी तिथल्या तिथे तिकीट काढलं.

*

महिनाभराने शरद गेला. तेराव्यापर्यंत काकू रोज डबा घेऊन येत होत्या. चौदाव्या दिवशी डब्यासोबत तिकीटही आणलं.

"कॅन्सल कर. धीर देणारा गेला, आता मी नाही जात."

"काकू, मृणाल वाट बघून राहिली ना? आणि आहेच किती? चार नागपूर."

"चार?" काकू कडाडल्या. "त्याने तीन सांगितलं होतं! तू त्याचं काम बिघडवून राहिली!"

आणि तिकीट पर्समध्ये परत!

*

वेब चेक-इन मीच केलं. "काकू, विंडो की आइल?"

"ऑइल नाही गं, तूप आहे. बाळंतिणीच्या लाडवांचं. तेही बॅगेत!"

*

पोचल्यावर मृणालच्या फोनवरून काकूंनी मला व्हिडिओ कॉल केला. मागे पोट सांभाळत मृणाल हसत होती.

"काकू, घाबरला नाहीत ना?"

"छे! एअर होस्टेसला विचारलं, दुसरं नागपूर गेलं का? ती बिचारी म्हणे, आँटीजी, नीचे तो समंदर है!"

"मग?"

"मग काय, मीच मोजलं. तीन चहा, तीन डुलक्या. तिसरीतून जागी झाले तर खाली जमीन! तुझं चार साफ चूक. त्याचंच बरोबर निघालं. सांग त्याला."

मी म्हटलं, "सांगते."