भाव न करणारं गिऱ्हाईक

काकूंनी सायकल विकायचं ठरवलं आणि भाव काढायचं काम माझ्या गळ्यात आलं. काकू म्हणजे माझ्या खोलीच्या मालकीण. मी कोकणातला. नववीत गणितानं आणि मी एकमेकांना सोडलं, मग आंब्याच्या ट्रकवर क्लीनर होऊन खामगावला आलो. ट्रक इथं बिघडला, ड्रायव्हर दुसऱ्या गाडीनं पसार झाला, आणि मी चौकातल्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला लागलो. काकूंनी पहिले चार महिने भाडं मागितलं नाही. जेवण मात्र रोज दिलं, आणि रोज डोळ्यांतून पाणी येईल इतकं तिखट दिलं. माशांशिवाय जगता येतं हे मला इथं कळलं. पटलेलं अजून नाही.

सायकल त्यांच्या नवऱ्याची, विलायती. सळ्यांचे ब्रेक, पुढे पितळी दिवा, कातड्याची गादी. काका जाऊन सहा वर्षं झाली होती. "ते असते तं मले हात लावू देला नसता," काकू म्हणाल्या. "आता नाहीत तं विकू. मले आटाचक्की घ्याची हाय." घरीच गल्लीतली दळणं दळून द्यायची, असा त्यांचा बेत. चक्कीला आठ हजार कमी पडत होते.

आमच्या दुकानात जुनी सायकल पारखायची रीत ठरलेली. मिस्त्री सायकल उलटी करतो, चाक फिरवून सोडतो आणि डॉक्टरसारखा कान लावतो. चेनच्या चक्राचे दात बघतो. झिजून टोकदार झाले असले की भाव खाली. मग मनातल्या आकड्याच्या दुप्पट सांगतो, गिऱ्हाईक निम्मं सांगतं, चहा येईपर्यंत दोघं एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करतात आणि मधेच कुठेतरी सौदा बसतो. मीही सगळं तसंच केलं. चाक बराच वेळ फिरत राहिलं. दात शाबूत. "त्याइचे नव्हते एवढे," काकू काकांच्या आठवणीनं म्हणाल्या. आठ पदरात पडावेत म्हणून सोळा सांगायचे ठरले.

मी मोबाइलवर टाकलेला फोटो बघून पुण्याहून गिऱ्हाईक आलं. हाफ चड्डी, पांढरी होत चाललेली दाढी, मोठी गाडी. त्यांनी सायकलीभोवती एक चक्कर मारली, दिव्यावरून बोट फिरवलं. "किती?"

"सोळा हजार," मी म्हणालो आणि शिव्या खायला तयार राहिलो.

"ठीक आहे."

इथं कोथिंबिरीच्या जुडीला कोणी 'ठीक आहे' म्हणत नाही. हा माणूस म्हणतोय, म्हणजे सायकल पन्नासाची असणार आणि मी काकूंना बुडवलं. "दिवा वेगळा," मी घाईघाईनं म्हणालो. "त्याचे दोन हजार."

"ठीक आहे."

"गादीचे पण दोन."

"चालेल ना," म्हणत त्यांनी पाकीट काढलं. जिनं मला फुकट जेवू घातलं, तिलाच मी माझ्या तोंडानं लुटत होतो.

"विकायची नाही," मी म्हणालो.

"अहो, मागाल तेवढे देतोय की!"

"म्हणूनच."

ते चिडून गाडीत जाऊन बसले. काकू कणकेच्या हातानं बाहेर आल्या. "काय झालं बे?"

मी सांगितलं.

"वीस हजार देऊन राह्यला होता अन् तू नाही म्हन्ला?"

"काकू, त्यांनी भावच केला नाही."

खोली गेली, जेवण गेलं, आता कोकणाची गाडी पकडा, असं मी मनाशी धरलं. पण काकू थबकल्या. "एकदाबी नाही?"

"एकदाही नाही."

"मंग कायतरी हाय." त्या तरातरा गेल्या आणि गाडीच्या काचेवर कणकेचा पंजा थापला. "ओ भाऊ, तुमी भाव काऊन नाही करून राह्यले?"

काच खाली आली. "मला जमत नाही हो. लाज वाटते. अशीच एक बावीसला बघितली होती, ही तिच्याहून बरी आहे. वीस मला जास्त वाटले नाहीत."

"उतरा खाली," काकू म्हणाल्या. "आमच्या मालकानं ही तीन दिवस भांडून घेतली होती. अशी मुकाट्यानं नाही जाणार. कमी सांगा."

"अठरा?" ते भीत भीत म्हणाले.

"हे काय भांडन झालं? दहा म्हना!"

"दहा."

"दहात हिची घंटी नाही येत! दहा म्हन्याले लाज नाही वाटत?"

"आत्ता तुम्हीच तर..."

"बोला, बोला. थांबू नका."

मग माणूस रंगात आला. मडगार्डच्या पोच्यावर बोट ठेवून "हिला काय बैलानं मारलंय का?" म्हणून ओरडला. काकूंनी त्याची चड्डी काढली, म्हणजे विषय काढला. शेजारचे दोघं गंमत बघायला आले आणि लगेच एकेक बाजू घेऊन मोकळे झाले. शेवटी एकोणीसवर सौदा बसला.

विसाचे एकोणीस झाले होते, आणि सकाळपासून पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला. काकूंनी नोटा दोनदा मोजल्या, पदरात बांधल्या.

"हां," त्या म्हणाल्या, "आता इकल्यासारखी वाटते."