जतन झाले

दुपारभर प्रोग्राममधली एकच चूक शोधत होते. माहिती भरली की पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘जतन झाले’ यायचं, पण पान पुन्हा उघडलं की कोरं. शेवटी सापडली. कुणीतरी ‘सेव्ह’ची आज्ञा नव्याने लिहिताना, खरं साठवण्याचं काम करणाऱ्या मूळच्या सेव्हला बोलावणारी ओळच विसरलं होतं. सगळं रीतसर व्हायचं, नुसतं साठायचं नाही. ओळ घातली, चालू झालं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आईने विचारलं, “हे आले का गं?”

बाबांना जाऊन वर्ष झालं. तिला ते सांगितलं की ती दर वेळी नव्याने रडते, मग डोळे पुसून म्हणते, “बरं, आता लक्षात ठेवीन हं.” तीच हिरवी अक्षरं. तिच्यातली कुठली ओळ गळली, ते कुणालाच सापडत नाही.

“येतील,” आज मी म्हणाले, “वाटेत असतील.”