फिलोमेनचा उजवा हात

गिलेन आर्सनो विधवा नाही. तिचं लग्नच झालेलं नाही. पण माँट्रियालच्या त्या जुन्या गिरणी भागात निम्म्या लोकांना ती विधवा वाटते, कारण गेली तीस वर्षं ती रोज काळ्या कपड्यांत घराबाहेर पडते. काळा स्वेटर, काळी पँट, खिशात काळे हातमोजे. कोपऱ्यावरच्या दुकानदार गारिएपीनं एकदा दूध देता देता हळूच विचारलंही होतं, "बाई, किती वर्षं झाली हो त्यांना जाऊन?"

"कुणाला?"

"मालकांना."

"अजून यायचेत," असं म्हणून गिलेन दूध घेऊन चालू लागली.

तर ती फिल्मसाठी बाहुल्या हलवते. बाहुलीचा हात केसभर सरकवायचा, मागे व्हायचं, एक फोटो काढायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद जातो. त्यात काही ना काही चकचकीत नेहमीच असतं. सध्याच्या फिल्ममध्ये तर जिकडे तिकडे पितळ, आणि पितळ भारी चोंबडं, समोर येईल ते दाखवतं. लाल स्वेटर घालून कामाला बसलात तर बाहुलीच्या पोटात तुमची लाल बाही नाचताना दिसते. म्हणून स्टुडिओत सगळे काळ्या कपड्यांत असतात. घरी जाऊन कपडे बदलायचा गिलेनला कंटाळा, बाकी काही नाही.

स्टुडिओ कालव्याकाठच्या बंद पडलेल्या कापडगिरणीत होता. बाहेर फेब्रुवारीतलं ऊन बर्फावर डोळे दिपवायचं आणि आत जाड काळ्या पडद्यांमागे दिवसाढवळ्या अंधार. त्या अंधारात टेबलावर एक शहर उभं होतं. तिथली घरं लोखंडी पायांवर चालत कोळसा शोधत फिरायची. शिवणयंत्रांच्या चाकांवर ट्रामगाड्या धावायच्या, चष्म्यांच्या बिजागऱ्यांची कबुतरं उडायची, आणि जुने चामडी हातमोजे शिवून केलेली विमानं वर धुरात तरंगायची. धूर कापसाचा होता. तोही चिमट्यानं केसभर केसभर सरकवावा लागायचा. त्या शहरात ऊन कुणी पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांचा जीव मधोमध असलेल्या एका मोठ्या भट्टीवर. भट्टी विझली की घरं जिथल्या तिथे गुडघे टेकायची.

भट्टी सांभाळणारी म्हातारी म्हणजे फिलोमेन. वीतभर उंचीची, पाठीतून वाकलेली, छातीत पितळेचं इवलंसं दार आणि दारामागे लाल निखारा, आतल्या दिव्यानं पेटलेला. फिल्मच्या शेवटी भट्टी गार पडते. तेव्हा फिलोमेन छातीचं दार उघडते, स्वतःचा निखारा काढते, भट्टीत ठेवते आणि बसल्या जागी झुकते. चौदा सेकंदांचं काम. फोटो एकशे अडुसष्ट. फिलोमेनला गिलेननंच बनवलं होतं, दोन वर्षं तीच हलवत आली होती, आणि हे शेवटचं झुकणं आपल्याच हातून व्हावं, एवढी एकच हाव तिला उरली होती.

अडचण त्या हाताचीच होती. मागच्या पानगळीत उजवा अंगठा आपोआप थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, हळूहळू वाढणार. गिलेननं हे कुणालाही सांगितलं नाही. फिल्म ज्याची, त्या ओदिलोंला तर मुळीच नाही. ओदिलों पेरो एकेकाळी तिच्याच हाताखाली शिकलेला. इकडे मावशीला, आत्याला मातांत म्हणतात. नातं नसतानाही तो तिला तेच म्हणायचा, आणि मायेनं म्हणायचा. कळलं असतं तर त्यानं मायेनंच फिलोमेन तिच्या हातून काढून घेतली असती.

म्हणून ती कोपर टेबलाला रेटून काम करायची. कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरायची.

"मातांत, हल्ली कप असा का धरतेस, चर्चमधल्यासारखा?" ओदिलोंनं एकदा विचारलंच.

"तुझी कॉफी प्यायची तर देवाचं नाव घ्यावंच लागतं," ती म्हणाली. तो हसला. ती मात्र घरी जाईपर्यंत धास्तावलेली होती.

शेवटचं दृश्य सुरू झालं सोमवारी. तीन दिवस पडद्याआड ती एकटीच. असल्या कामात वेळेचा पत्ताच लागत नाही. केसभर हात, मागे, फोटो. केसभर हात, मागे, फोटो. हळूहळू टेबल मोठं होत जातं, आपण लहान होत जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी तर तिला भट्टीची धग गालाला लागली. घरांचे लोखंडी पाय गुडघ्यात वाकताना कुरकुरले, तेही ऐकू आलं. कबुतरं तिच्या डोक्यावरून गेली. फिलोमेन शेजारीच उभी होती, दोघी एकाच उंचीच्या, आणि बोलायचं काही नव्हतं. गिलेनला फार बरं वाटलं. संध्याकाळी कालव्याकाठानं घरी जाताना समोरून येणारा माणूस तिला तुकड्यातुकड्यानं चालताना दिसला, सेकंदाला बारा तुकडे. ती थांबून बघत राहिली. तो बिचारा टोपी नीट करून पुढे गेला.

हातमोजे तिनं पहिल्या दिवशीच काढून ठेवले होते. मोज्यातून फिलोमेनचं मनगट नीट जाणवेना, आणि जाणवलं नाही की अंगठा अजून चेकाळायचा. उघड्या हातानं जमत होतं. फोटो काढायच्या वेळी ती डाव्या हातानं बटण दाबायची आणि उजवा टेबलाच्या कडेला घट्ट धरून ठेवायची. तीस वर्षं जी दुसऱ्यांना प्रतिबिंबांवरून ओरडत आली, तिच्या स्वतःच्या उघड्या हाताचं लक्षातच आलं नाही.

गुरुवारी सकाळी दोघं पडद्यासमोर बसले. ओदिलोंनं दृश्य लावलं. फिलोमेननं दार उघडलं, आणि त्या दाराच्या आतल्या बाजूला एक पांढुरकं काहीतरी फडफडू लागलं. थेट शेवटपर्यंत.

ओदिलोंनं पुन्हा लावलं. मग एकेक चित्र थांबवत पुढे नेलं.

"मातांत, हा तुझा हात आहे."

"दिसतंय."

"हा हलतोय." तो वळून तिच्याकडे बघू लागला. "फोटो काढताना तू हात कधी हलवत नाहीस. कधीपासून आहे हे?"

गिलेननं हात मांडीखाली घातला, मग काढला. आता लपवण्यात काय अर्थ होता?

"ऑक्टोबरपासून. कंपवात म्हणतात. सांगितलं असतं तर तू म्हातारी माझ्याकडून काढून घेतली असतीस."

"असतीच," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमायचं नाही. त्यानं चित्र पुन्हा मागेपुढे केलं. मग त्याचा चेहरा उजळला. "पण हे बघ ना. तिचा हातसुद्धा थरथरतोय. सगळ्या अंगात उतरलंय ते. दारातला हात मी कॉम्प्युटरवर पुसतो, पण ही थरथर अशीच ठेवू या. काय जिवंत वाटतेय ती. बघणारे रडतील, मातांत."

गिलेन पुन्हा एकदा सगळं बघायला बसली. खरंच, फिलोमेनचा निखारा धरलेला हात कापत होता. बघणारे रडले असते, यात शंका नव्हती. आपला हात पडद्यावर असा कायमचा राहील, हेही तिला क्षणभर गोड वाटलं.

"नको," ती म्हणाली.

"का?"

"फिलोमेन घाबरत नाही. दोन वर्षं ओळखते मी तिला. जेवताना शेजारच्याला मीठ द्यावं तशी ती निखारा देते. ही जी घाबरलीय ना, ती मी आहे. माझी भीती तिच्या गळ्यात कशाला मारतोस? परत काढायचं."

"कोण काढणार? तुला अजून तीन दिवस..."

"तू."

ओदिलोंनं बाहुली हातात घेतल्याला दहा वर्षं झाली होती. आता तो माणसं सांभाळायचा, कागद सांभाळायचा. "माझ्यानं होणार नाही," तो म्हणाला.

"मी आहे ना बोंबलायला. हातमोजे घाल."

मग चार दिवस लागले. ओदिलों पडद्याआड फिलोमेनजवळ, आणि गिलेन मागच्या उंच स्टुलावर. हात मांडीवर मोकळा सोडलेला. तो थरथरायचा तेवढा थरथरला, तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

"थोडं डावीकडे. एवढं नाही रे, ढकलू नकोस, म्हातारी आहे ती. हं. श्वास धर. घे."

पहिल्या दिवशी त्यानं दोनदा फिलोमेनला पाडलं. गिलेननं त्याला गाढव म्हटलं, आणि दोघांनी डब्यातलं मक्याचं नि खिम्याचं पाते शिनवा खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बोटांना आठवू लागलं. तिसऱ्या दिवशी तिला फारसं बोलावं लागेना. ते बघून तिला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदमच झालं, त्याला इलाज नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी निखारा भट्टीत गेला. फिलोमेनच्या छातीतला दिवा विझवला. कोपऱ्यातलं पहिलं घर गुडघ्यातून उठलं, मग त्याच्या मागचं. आता फक्त झुकणं उरलं होतं. ते गिलेननं त्याच्यावर सोडलं. ओदिलोंनं एकट्यानं मान थोडी खाली घेतली, फोटो काढला, पुन्हा थोडी, पुन्हा फोटो. शेवटच्या चित्राला बोट जरा जास्त दाबलं गेलं. फिलोमेनची हनुवटी छातीला टेकली. ठरल्याप्रमाणे ती टेकायची नव्हती. गिलेननं ती बोटभर वर ठेवली असती, भट्टीकडे बघत.

फोटो निघाला होता. ओदिलों घाबरून मागे वळला. "जास्त झुकली. पुसू? परत घेऊ हा एक?"

गिलेन स्टुलावरून उतरली. टेबलाशी येऊन खाली वाकून फिलोमेनकडे बघत राहिली, बराच वेळ. हात लावला नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझ्या हातून ती अशी झुकली. आता ती तुझी."

एवढं बोलून ती तिथेच टेबलाच्या कडेला धरून रडली, चांगली हमसाहमशी, आणि ओदिलोंनं तिला रडू दिलं.